अजाण सहप्रवासी

लहान मुलांच्या संबंधाने आपण मोठी माणसे नित्य अनेक निर्णय घेतो. पण त्यांपैकी फारच थोड्यांची कैफियत आपण त्यांच्यापुढे देतो. मुलाचे नाव ठेवताना, त्याचे जावळ काढताना, त्यास शाळेत घालताना कोणी त्याची संमती विचारीत नाही. आणि विचारली तरी ती देण्याची त्याची पात्रता नाही, असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे बहुधा योग्यच असते. तथापि त्याच्या आडोशाने आपल्या किती हौशी खपून जातात, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या महिन्यात माझ्यावर आला, आणि तो आला अगदी सुखाच्या निमित्ताने.

माझी मुलगी अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे असते. तिला सहा वर्षांचा मुलगा व तीन वर्षांची मुलगी आहे. येत्या उन्हाळ्यात ती व तिचे यजमान मुलांसह जहाजाने अलास्काच्या किनाऱ्याने जाऊन यावयाच्या बेतात आहेत. सिअ‍ॅटलहून निघून, उत्तरेकडील खाड्या, अरण्ये आणि हिमनद्या पाहून सात दिवसांनी परत, असा हा प्रवास असतो. एका रविवारी दूरध्वनीवर बोलता बोलता तिने विचारले, "बाबा, एवढ्या लहान मुलांना तिकडे नेणं बरोबर आहे का?"

मी नीतिशास्त्र शिकविण्यात तीस वर्षे घालविलेला मनुष्य. साहजिकच मी प्रश्नाचे उत्तर न देता शब्दाचा अर्थ विचारला. 'बरोबर' म्हणजे सोयीचे, सुरक्षित, की न्याय्य? ती हसून म्हणाली, "तिन्ही." दूरध्वनीवर मला तिन्हींचे उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. कारण मुलांना घेऊन दूर जाण्याचा प्रश्न आता अनेक मराठी घरांत या ना त्या रूपाने निघू लागला आहे.

सोयीचा प्रश्न त्यांतल्या त्यात सोपा. बहुतेक जहाजकंपन्या सहा महिन्यांखालील अर्भकास घेत नाहीत. त्यापुढच्या मुलांसाठी जहाजावर खाणे, खेळणे, वैद्य यांची व्यवस्था असते. मे ते सप्टेंबर हा हंगाम. तेव्हाही तिकडे पाऊस आणि गारठा असतो, म्हणून पाणी आत न शिरणारे कपडे, लोकरीचे थर, टोप्या, हातमोजे हे सारे न्यावे लागते. माझ्या मुलीने याची दोन पानी यादी केली आहे. ती पाहून तिची आई म्हणाली, "आमच्या वेळी प्रवासाला निघताना एक वळकटी आणि दशम्यांचा डबा असायचा." हे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हे, पण त्यातील चिंता खरी होती. तिला यादीविषयी काही म्हणावयाचे नव्हते. एवढीशी पोरे आणि तेवढा थोरला समुद्र, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले होते.

येथून सुरक्षिततेचा प्रश्न सुरू होतो. घर म्हणजे निर्भय आणि रान म्हणजे भय, अशी आपली सामान्य समजूत असते. माझीही होती. १९९३ साली मी लातूरास नवाच नोकरीला लागलो होतो. हीच मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंतचतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपतींचे विसर्जन चालले, आणि लोक दमून घरोघर निजले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. लातूर शहरात आम्ही पाळण्यातील मूल उचलून रस्त्यावर आलो आणि वाचलो; परंतु किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या खेड्यांत हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्या घरांच्या भिंती हात-दोन हात रुंद होत्या; दगड मातीत बसविलेले, आणि वर मातीचे जड माळवद. ज्या भिंतींनी पिढ्यानपिढ्या ऊन, थंडी आणि चोर यांपासून मुलांना राखले, त्याच भिंती त्यांच्यावर आल्या. पुढे कित्येक रात्री आम्ही शहरातली माणसेही घरात निजलो नाही. उघड्या मैदानावर, सतरंजीवर माझी मुलगी आकाशाखाली स्वस्थ झोपे, आणि आम्ही दोघे जागे राहून तिच्याकडे पाहत असू. घरात निजणे हे साहस आणि बाहेर निजणे ही सावधगिरी, अशी उलटापालट मी त्या दिवसांत अनुभविली.

यावरून कोणी असे अनुमान काढील की, संकट कोठेही येते, तर मग समुद्रावर जाण्यास हरकत ती काय? हे अनुमान मला मान्य नाही. संकट सर्वत्र आहे यावरून ते सर्वत्र सारखे आहे असे निघत नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी अलास्कातील ट्रेसी आर्म नावाच्या खाडीत हिमनदीजवळचा डोंगरकडा कोसळला आणि प्रचंड लाट उसळली. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. असे क्वचित घडते. जहाजाचा कठडा, ओला जिना आणि तेथला बोचरा वारा यांची भीती मात्र रोजची आहे. किल्लारीने मला एवढेच शिकविले की, 'घरी राहिलो म्हणजे आमची जबाबदारी संपली' असे मानण्याचा अधिकार आईबापांस नाही. मूल घरी ठेवणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचाही जाब असतो. म्हणून सुरक्षिततेच्या प्रश्नास माझे उत्तर असे की, ज्या भयाची पूर्वसूचना मिळते त्याची तजवीज करावी, आणि जे भय सूचनेवाचून येते त्याच्या नावाने मुलांस कोंडून ठेवू नये.

आता तिसरा आणि कठीण प्रश्न: हे न्याय्य आहे काय?

मूल घेऊन दूर जाणारे लोक माझ्या मते तीन प्रकारचे असतात. पहिले गरजेने जाणारे. आमच्या मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे गावे सोडतात. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जावयाचे, आणि कारखान्याच्या आसऱ्याने कोपी घालून चार-सहा महिने राहावयाचे. गाडीतल्या भांड्याकुंड्यांवर, गोधड्यांवर त्यांची मुले बसलेली मी दरसाल पाहतो. त्यांची शाळा बुडते, आजार अंगावर निघतात. त्या मुलांस नेणे बरोबर की चूक असा प्रश्न आपण त्यांच्या आईबापांस विचारणे हे निर्लज्जपणाचे होईल. तो प्रश्न त्या आईबापांना नव्हे, आपल्या सर्वांना विचारला गेला पाहिजे. गंमत अशी की, अलास्काच्या ज्या समुद्रात माझी नातवंडे देवमासे पाहावयास जाणार, तेथले देवमासेही याच वर्गातील यात्रेकरू आहेत. त्यांतील पुष्कळशा माद्या हिवाळ्यात हवाई बेटांच्या उबदार पाण्यात पिलांस जन्म देतात. तेथे त्यांना खावयास जवळजवळ काही मिळत नाही. म्हणून ती अजाण पिले बरोबर घेऊन त्या सुमारे तीन हजार मैल उत्तरेस येतात. पोटासाठीच त्या येतात. निसर्गशोभा त्यांच्या गावीही नसते.

दुसरे लोक श्रद्धेने जाणारे. नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झाले; त्या स्थानाच्या दर्शनास पंजाबातील कुटुंबे बाराही महिने येतात. अमृतसर ते नांदेड सुमारे दोन हजार किलोमीटरांचा हा प्रवास. सचखंड एक्सप्रेसमधून कडेवर तान्ही मुले घेतलेल्या स्त्रिया उतरताना मी पाहिल्या आहेत. त्या गाडीतील उतारूंना वाटेतील स्थानकांवर लंगरचे जेवण विनामूल्य मिळते. त्या मुलांना कष्ट होत नाहीत असे नाही. परंतु त्यांच्या कष्टांत अनोळखी माणसांचाही हात लागलेला असतो. आणि मुख्य म्हणजे, आईबाप मुलास ज्या दारी नेतात तेथे ते स्वतःही मस्तक लववितात. तेथे नेणारा आणि नेला जाणारा दोघेही सारखेच लहान असतात.

तिसरे आपण, म्हणजे हौसेने जाणारे. आपल्याला गरज ढकलीत नाही, श्रद्धा बोलावीत नाही. आपण जातो ते केवळ आपल्याला जावेसे वाटते म्हणून. हौस ही काही पापाची गोष्ट नव्हे. पण ज्या प्रवासास इच्छेवाचून दुसरे कारण नाही, त्याचा जाब इच्छा करणाऱ्यासच द्यावा लागतो, आणि येथे ती इच्छा मुलांची नसते. मिलने १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात आपला सिद्धांत अजाण वयाच्या मुलांस लागू नाही, असे आरंभीच सांगून टाकले आहे. मुलांच्या वतीने मोठ्यांनी निर्णय घ्यावयाचे, हे त्यास मान्य आहे. पण 'त्यांच्या वतीने' म्हणजे 'त्यांच्यासाठी'; 'त्यांच्या नावावर' नव्हे. आणि आपण पुष्कळदा नेमके हेच करतो. "मुलांना जग दिसावे म्हणून चाललो आहोत," असे सांगतो. खरे म्हणजे जग आपल्याला पाहावयाचे असते, आणि त्या दृश्यात आपली मुले उभी असलेली पाहावयाची असतात. कांटने १७८५ साली जो दंडक घातला, की मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये, तो तीन वर्षांच्या मनुष्यासही लागू असला पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलेलो असलो, तरी समजलो ते पुस्तकातून नव्हे.

१९९८ साली, पावसाळ्याच्या अखेरीस, मी माझ्या या मुलीला सहस्रकुंड दाखवावयास नेले. ती पाच वर्षांची होती. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, इस्लापूरजवळ, पैनगंगा काळ्या खडकांवरून अनेक धारांनी खाली उडी घेते; अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पाऊस झाला म्हणजे तेथे पाण्याचा नुसता गर्जनाद असतो. मी ते दृश्य तरुणपणी पाहिले होते, आणि आपल्या मुलीने ते पाहिल्यावाचून तिचे बालपण अपुरे राहील असे माझ्या मनाने घेतले होते. एका मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. सकाळच्या एस्. टी.ने निघालो. वाटेत तिला दोनदा ओकारी झाली. इस्लापुरास उतरलो तेव्हा तिचे अंग कोमट लागत होते. पण मी ते उन्हावर ढकलले. रस्त्याच्या कडेला पावसाचे डबके साचले होते, आणि त्यात नखाएवढी बेडकांची पिले उड्या मारीत होती. ती तेथे उकिडवी बसली आणि उठेना. मी गोडीने बोलावले, मग रागाने. शेवटी एक चापट देऊन तिला खांद्यावर टाकले आणि चालू लागलो. धबधब्यापुढे पोहोचलो तेव्हा ती हुंदके देत होती आणि पाण्याकडे पाहीना. मी तिची हनुवटी धरून मान त्या बाजूस वळविली आणि ओरडलो, "बघ! बघ ना!" मग फोटो काढला. रात्री तिला सडकून ताप भरला, तो तिसऱ्या दिवशी उतरला. तो फोटो अजून आमच्या घरी आहे. मागे पांढरे पाणी, पुढे रडून लाल झालेले डोळे.

परवाच्या बोलण्यात सहज म्हणून मी तिला सहस्रकुंडाची आठवण विचारली. ती जरा थांबून म्हणाली, "धबधबा मला मुळीच आठवत नाही, बाबा. तुम्ही माझी हनुवटी धरून मान वळवली होतीत, ते आठवतं. आणि बेडूक."

लहान मुलांस प्रवासास नेऊ नये असे म्हणणारांचा मुख्य आधार असा असतो की, 'त्यांना काही आठवणार नाही.' तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही, हे मानसशास्त्राने सांगितलेलेच आहे. म्हणजे माझ्या नातीपुरता हा आक्षेप अक्षरशः खरा ठरेल. परंतु आठवण हेच जर मूल्य मानले, तर तिला आज भरविलेला दूधभातही व्यर्थ म्हणावा लागेल. रूसोने १७६२ सालच्या आपल्या 'एमिल' ग्रंथात, अनिश्चित भविष्यासाठी मुलाचा आजचा आनंद बळी देणाऱ्या शिक्षणाचा निषेध केला आहे. ज्याने स्वतःची पाच मुले अनाथालयात टाकली, त्याने हे सांगावे हा दैवाचा विनोद खरा. तथापि सांगणारा खोटा ठरला म्हणून सांगितलेले खोटे ठरत नाही. मुलाचा आजचा दिवस त्याचा स्वतःचा आहे. त्याला आठवो न आठवो, तो सुखाचा जाणे हे पुरेसे प्रयोजन होय. आणि माझ्या मुलीच्या उत्तराने मला आणखी एक गोष्ट कळली, ती अधिक गंभीर आहे. मूल सारेच विसरत नाही. आपण जे दाखवावयास नेतो ते ते विसरते. दाखविताना आपण कसे वागलो ते लक्षात ठेवते.

यावर कोणी म्हणेल, मग थोडे थांबावे, मुले मोठी होऊ द्यावी. हे म्हणणे विचार करण्यासारखे आहे, आणि थांबणे कधीच अन्यायाचे नसते. माझ्या मुलीचे त्यावर उत्तर असे की, "तोवर बर्फ राहील की नाही कोण जाणे." ज्या ग्लेशियर बे नावाच्या उपसागरात त्यांचे जहाज शिरणार, तो १७९४ साली इंग्रज दर्यावर्द्यांनी पाहिला तेव्हा तेथे बर्फाच्या भिंतीत जेमतेम पाच मैलांची खोबण होती. १८७९ साली जॉन म्यूर तेथे गेला तेव्हा बर्फ तीस मैलांहून अधिक मागे हटले होते. १९१६ पर्यंत ते उपसागराच्या मुखापासून साठ मैलांवर गेले. हे सारे माघार घेणे मनुष्याच्या धुराने झाले असे नाही; पण आज जगभर बर्फ ज्या वेगाने वितळत आहे, त्यात आपल्या धुराचा वाटा मोठा आहे, आणि ती पाहावयास जाणारी जहाजेही धूर सोडीतच जातात. 'संपण्यापूर्वी पाहून घेऊ' या घाईत मला लोभाचा वास येतो. तेथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांस प्रवेश देतात, हे समाधानकारक असले तरी पुरेसे नाही.

आणखी असे की, आपण ज्यास निर्जन म्हणतो ते कोणाचे तरी घर असते. किनवटचे अरण्य मी माझ्या मुलीला 'जंगल' म्हणून दाखविले. तेथल्या गोंड-कोलामांना ते जंगल नव्हे, गाव आहे. त्याचप्रमाणे ग्लेशियर बे ही हुना त्लिंगिट लोकांची वडिलोपार्जित भूमी. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली तेव्हा त्यांना आपली मुलेबाळे घेऊन तेथून निघावे लागले. पुढे बर्फ हटले, अरण्य सरकारी उद्यान झाले, आणि २०१६ साली त्याच किनाऱ्यावर त्यांचे परंपरागत पद्धतीचे सभागृह पुन्हा उभे राहिले. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या लातूरास प्यावयाचे पाणी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आगगाडीने आणावे लागले होते. ज्या शहरात आई लहानपणी राहिली तेथे पाणी गाडीत बसून आले, हे माझ्या नातवाने त्या बर्फाच्या डोंगरापुढे उभे राहून ऐकले, तर त्या डोंगराकडे केवळ शोभा म्हणून तो पाहणार नाही, असे मला वाटते.

तेव्हा माझे उत्तर काय? नेणे न्याय्य होऊ शकते. पण ते योजनेवर अवलंबून आहे. आणि योजना म्हणजे काय काय पाहावयाचे याची यादी नव्हे. वेळ आली तर काय काय सोडावयाचे, हे आधी ठरविणे म्हणजे योजना. मी तिला पत्राने तीन गोष्टी कळविल्या. पहिली: हा प्रवास तुमच्या हौसेचा आहे, हे स्वतःशी कबूल करा आणि सहा वर्षांच्या मुलाला तसेच सांगा, 'तुझ्यासाठी चाललो आहोत' असे सांगून त्याच्या डोक्यावर उपकाराचे ओझे ठेवू नका. दुसरी: जहाज कोणा एकासाठी मागे फिरत नाही, म्हणून निघण्याच्या दिवशी एखादे मूल आजारी असले तर बुडणारी रक्कम आजच मनातल्या मनात खर्ची टाका. ती धक्क्यावर उभे राहून मोजू लागलात, तर ताप हा उन्हाचाच वाटेल. तिसरी: जहाज हिमनदीपुढे घटका-दोन घटका उभे राहील; त्या वेळी मुलगी निजलेली असली, तर तिला उठवू नका. तुम्हा दोघांपैकी एकाने खोलीत तिच्यापाशी बसावे, आणि कोणी बसावयाचे हे घरूनच ठरवून निघावे. ज्यास ते जमणार नाही, त्याने मुले आजीकडे ठेवून जावे. त्यातही काही कमीपणा नाही.

गेल्या आठवड्यात तिने प्रवासाचा आराखडा पाठविला. जहाज हिमनदीपुढे जावयाचे त्या दिवसासमोर तिने लिहिले आहे, 'खोलीत: मी.' खाली एक ओळ होती: "बाबा, सहस्रकुंडाचा तो फोटो पाठवा. निघण्याआधी आम्ही दोघं तो एकदा बघणार आहोत."

मी तो पाठविला आहे.